नांगरकरी संघाचा निःपक्षपाती निरीक्षक

मंगळवार, ८ सप्टेंबर १९५३

ओहायोप्रांतनिवासी, ऑर्म्सबीमहाविद्यालयभूषण, लॅटिनविद्यादुर्गैकरक्षक, सत्तावीस वर्षे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या जांभयांस अविचल मुद्रेने सामोरे गेलेले, प्राध्यापकसभेतील अखंड-उपसूचना-प्रवर्तक, ग्रंथालयसमितीचे अध्यक्ष, घंटामनोरासमितीचे एकमेव हयात सभासद, आणि आज सकाळी सव्वाअकरापासून महाविद्यालयीन फुटबॉलचे अधिकृत निरीक्षक, प्राध्यापक थॅडियस व्हिटकोम्ब यांची ही दैनंदिनी असून तीत इतरांनी डोकावू नये. (कोरा, हे तुला उद्देशून आहे. पत्नीत्व हा परवाना नव्हे.)

नियुक्तीचा इतिहास असा. गेल्या मे महिन्यात मी प्राध्यापकसभेत ठराव मांडला, की ज्या महाविद्यालयात एकूण तीनशे नव्वद विद्यार्थी आहेत, तेथे त्यांपैकी एकतीस जणांनी संपूर्ण शरदऋतू एक लांबट चेंडू हाती धरून परस्परांस भूमिसात करण्यात घालविणे हा अनुत्पादक व्यवहार होय. सबब फुटबॉल बंद करावा. ठराव दोन मतांच्या फरकाने संमत झाला. विश्वस्त मात्र बिचकले. आज अध्यक्ष पेल्हम यांनी मला बोलावून त्यांचा तोडगा सांगितला. आमच्या संघाचे (टोपणनाव: नांगरकरी) यंदा आठ सामने आहेत. त्यांतील पाच जिंकल्यास खेळ आहे तसा राहील. पाचांहून कमी जिंकल्यास निर्णय माझ्या अहवालावर. खेळ गेला, की बावीस वर्षे संघास शिकविणारे प्रशिक्षक गस रायनेके हेही जातील.

"ठराव तुमचा आहे, व्हिटकोम्ब, तर पुरावाही तुम्हीच गोळा करा," अध्यक्ष म्हणाले. "हंगामभर संघाच्या बाकावर बसा. डिसेंबरात विश्वस्तांना सांगा काय दिसलं ते."

हे सांगताना ते खिडकीबाहेर पाहून किंचित हसत होते. बाहेर पाहण्याजोगे काही नव्हते.

अहवालाचा निष्कर्ष मी दुपारीच लिहून ठेवला. पुरावा तेवढा जमविणे बाकी आहे.

शुक्रवार, ११ सप्टेंबर

रायनेके यांची भेट मैदानावर झाली. वय चोपन्न, मान व खांदे यांच्या दरम्यान निसर्गाने सीमारेषा आखलेली नाही, आवाज असा, की त्यांनी हळू बोलल्यास घंटामनोऱ्यावरील कबुतरे तेवढी बसून राहतात.

"तुम्हीच ना ते ठराववाले?"

"होय."

"बसा. बाक ओला आहे."

मी बसलो. बाक ओला होता.

मग त्यांनी माझ्या हाती एक वही आणि पेन्सिल ठेवली. "यंदा नियम बदललाय, प्रोफेसर. पोराला एकदा बाहेर काढलं, की त्या क्वार्टरमध्ये परत आत घालता येत नाही. दुसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरची शेवटची चार मिनिटं तेवढी सूट. चुकलं की पंधरा यार्ड मागे. माझा मदतनीस एकच, तो वर स्टँडमध्ये टेलिफोन घेऊन बसणार. कोण कधी बाहेर आला, हे लिहायला मला माणूस पाहिजे."

"मी निरीक्षक आहे. कारकून नव्हे."

"मग निरीक्षण करा आणि ते लिहून काढा. मी वेगळं काय म्हणतोय?"

या युक्तिवादातील दोष मला घरी पोहोचल्यावर सापडला. तोवर वही माझ्या खिशात होती.

शनिवार, २६ सप्टेंबर

पहिला सामना, परगावी. शून्य विरुद्ध वीस असा पराभव.

शास्त्रीय निरीक्षण: हा खेळ चार भागांत विभागलेला असून मी त्यांस चरण म्हणतो. चेंडू ज्याच्या हाती, त्याने चार प्रयत्नांत तो दहा यार्ड पुढे न्यावा, अन्यथा शत्रूस अर्पण करावा; शत्रूच्या टोकाच्या लक्ष्यरेषेपलीकडे नेल्यास सहा गुण. आमच्या संघाने आज अर्पणाचाच मार्ग विशेष आदराने अनुसरला.

माझ्या वहीत मात्र सत्तेचाळीस नोंदी झाल्या आणि एकही चुकली नाही. कोण, कोणत्या चरणात, किती मिनिटे उरली असता बाहेर आला, सर्व काही सुवाच्य अक्षरांत.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी मिलान हुडाक बसला. म्हणजे दीड आसन त्याने घेतले व उरलेल्यावर मी राहिलो. हा यंग्जटाउनच्या पोलाद-कामगाराचा मुलगा, माझ्या लॅटिनच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसतो. मैदानात हा फुलबॅक, म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या भिंतीत शिरणे हे त्याचे काम. भिंत माणसांची असते.

"सर, तुम्ही आज आमच्या बाजूने होता ना?"

"मी कोणाच्याच बाजूने नव्हतो."

"मग टोपी?"

टोपी कोराने विणलेली असून तिचा किरमिजी रंग महाविद्यालयाच्या रंगाशी जुळतो, हा लोकरीच्या उपलब्धतेचा प्रश्न आहे. मी त्यास तसे समजावून सांगितले. तो "बरं, सर" म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ खोकला.

शनिवार, ३ ऑक्टोबर

चौदा-सात. विजय. घसा बसला आहे. ऑक्टोबरची हवा दमट असते.

शनिवार, १० ऑक्टोबर

पराभव, परंतु एक उल्लेखनीय प्रसंग. तिसऱ्या चरणात रायनेके एका खेळाडूस खांद्याला धरून आत ढकलीत असता मी वहीवरून म्हणालो, "हा चार मिनिटांपूर्वी बाहेर आला आहे."

"नाही आला."

"सहा मिनिटे बावन्न सेकंद उरली असता. डाव्या पायातील बूट सैल झाल्याकारणाने."

खेळाडूने आपल्या बुटाकडे पाहिले व मान डोलावली. रायनेके यांनी त्यास मागे ओढले. पंधरा यार्ड वाचले. तेव्हापासून कोणी आत जायचे असले, की प्रशिक्षक खेळाडूकडे पाहत नाहीत, वहीकडे पाहतात. खेळाडू स्वतः काही सांगू लागला तर म्हणतात, "तू गप. वही काय म्हणते?"

सत्तावीस वर्षांच्या अध्यापनात माझ्या लिखित शब्दास इतकी प्रतिष्ठा प्रथमच लाभत आहे.

मंगळवार, २० ऑक्टोबर

शनिवारचा सामना जिंकला. दोन विजय, दोन पराभव.

केस कापावयास गेलो. ऑर्व्हिल न्हावी आजवर माझ्याशी केवळ हवामानावर बोलत असे. आज त्याने खुर्ची फिरवून विचारले, "हुडाकचा गुडघा कसा आहे?" मी सविस्तर सांगितले. प्रतीक्षेत असलेले तीन गृहस्थ वर्तमानपत्रे खाली ठेवून ऐकत होते. माझ्या कोणत्याही व्याख्यानास असा श्रोतृवर्ग मिळालेला नाही. अर्थात मी केवळ वस्तुस्थिती कथन केली.

तेथून रसायनशास्त्राच्या वर्गात गेलो. तेथे दर मंगळवारी दुपारी पडदे ओढून प्रतिपक्षाच्या मागील सामन्याची फिल्म दाखवितात. निरीक्षकाने सर्व पुरावा पाहावा, एवढाच हेतू. चौथ्या वेळी तीच फिल्म चालू असता मला एक गोष्ट दिसली.

"त्यांचा तो डावीकडचा धिप्पाड इसम पाहा," मी अंधारात म्हणालो. "चेंडू लांब फेकावयाचा असला, की तो आधीच टाचेवर रेलतो. धावावयाचे असले, की चवड्यावर."

मशीन थांबविण्यात आले. फिल्म मागे नेण्यात आली. पुन्हा पाहण्यात आली.

"च्यायला," रायनेके म्हणाले. "हे कसं दिसलं तुम्हाला?"

"धडा न वाचलेला विद्यार्थी प्रश्नाच्या क्षणी टाचेवर रेलतो. मी गेली सत्तावीस वर्षे पायच पाहत आलो आहे."

मागच्या रांगेत कोणी तरी पाय सरळ केल्याचा आवाज आला. बहुधा हुडाक.

शनिवार, २४ ऑक्टोबर

माजी विद्यार्थ्यांच्या पुनरागमनाचा शनिवार. मोटारींवर कागदी झिरमिळ्या, सफरचंदाचे गरम सायडर, १९११च्या तुकडीतील दोन वृद्धांमध्ये एका ब्लँकेटवरून वाद. एकोणीस-सहा. धिप्पाड इसम सात वेळा टाचेवर रेलला आणि सातही वेळा आमचे वीर चेंडूच्या आधी पोहोचले होते.

सामन्यानंतर खेळाडूंनी मला खांद्यावर उचलण्याचा प्रयत्न केला. मी विरोध नोंदविला. खाली उतरविल्यानंतर.

शनिवार, ३१ ऑक्टोबर

हरलो. लिहिण्याजोगे काही नाही.

(दुरुस्ती: हरले.)

शनिवार, ७ नोव्हेंबर

सव्वीस-तेरा. आता चार विजय, तीन पराभव, आणि येत्या शनिवारी आमच्याच मैदानावर केंड्रिक कॉलेजशी अखेरचा सामना. तो जिंकल्यास पाच.

रात्रीच्या जेवणास कोराने विचारले, "अहवालाचा निष्कर्ष बदललास का?"

"निष्कर्ष ठाम आहे."

"मग आज सकाळी दाढी करताना काय गात होतास?"

"मी गात नव्हतो."

"कॉलेजचं गाणं होतं, थॅड. तिसरं कडवंसुद्धा. ते कोणालाच येत नाही."

बटाटे उत्तम झाले होते. मी तसे सांगितले.

बुधवार, ११ नोव्हेंबर

सरावानंतर रायनेके मजबरोबर फाटकापर्यंत चालत आले. यापूर्वी ते कधी आले नव्हते. 

"शनिवारी जमलं तर जमलं," ते म्हणाले. "नाही तर तुमचा अहवाल. मला त्याचं काही वाईट वाटत नाही, प्रोफेसर. तुम्ही सरळ माणूस आहात, हे मी पाहिलंय."

"गेल्यास कोठे जाल?"

"इंडियानात मेहुण्याचं लाकडाचं दुकान आहे. घर कॉलेजचं, ते सोडावं लागेल. बायको, अर्मा, म्हणते, जाऊ. पण तिनं या वर्षी पीचच्या बरण्या नेहमीपेक्षा दुप्पट भरून ठेवल्यात. जायचं म्हणणारी बाई इतक्या बरण्या भरत नाही."

मी फाटकाची कडी काढली.

"तुमचा ठराव मी वाचला होता. चांगला लिहिलाय. फक्त 'अनुत्पादक' हा शब्द... म्हणजे डिक्शनरी काढावी लागली. आणि मग वाटलं, काढली नसती तर बरं झालं असतं."

तो शब्द निवडताना मला विशेष समाधान वाटले होते, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

शनिवार, १४ नोव्हेंबर. सायंकाळी

क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिणे एवढेच माझे काम होते.

चौथे चरण. केंड्रिक सात, आम्ही सहा. चेंडू आमच्या हाती, परंतु लक्ष्य दूर. सात मिनिटे उरली असता हुडाकच्या नाकातून रक्ताची धार लागली म्हणून रायनेके यांनी त्यास बाहेर घेतले. तो माझ्या शेजारी येऊन बसला व टॉवेल नाकाशी धरला. मी पेन्सिल उचलली.

त्याच क्षणी, चेंडू फेकण्याचे काम ज्याचे, त्या आमच्या डॉयलने चेंडू मागे नेला, दोघांना चुकविले आणि तो फेकला. तो कोठे जाणार हे मला दिसले. त्या कोपऱ्यात कोणी नव्हते, आणि मग अकस्मात आमचा एक जण तेथे होता. त्याने चेंडू झेलला आणि धावू लागला. दहा यार्ड. वीस. माझ्या आयुष्यात मी कोणत्याही मनुष्याने कोठेही जाऊन पोहोचावे असे इतक्या तीव्रतेने इच्छिले नव्हते. एक्केचाळीस यार्ड कापल्यावर त्यास पाडण्यात आले. लक्ष्यरेषा तेथून सहा यार्डांवर.

मी बाकावर उभा होतो. बाकावर केव्हा चढलो, याची नोंद नाही. कसलीच नोंद नाही.

पुढील तीन प्रयत्नांत तीनच यार्ड मिळाले. चौथा प्रयत्न, तीन यार्ड, घड्याळात चार मिनिटे चाळीस सेकंद. रायनेके मागे वळले.

"हुडाक मोकळा आहे?"

मी वही पाहिली. हुडाकच्या नावापुढे चौथ्या चरणाचा रकाना स्वच्छ होता.

"मोकळा."

"पण सर, मी आत्ताच तर..." हुडाक म्हणाला.

"तू गप. वही म्हणते मोकळा. जा."

तो गेला. चेंडू त्यास मिळाला, त्याने मस्तक खाली घातले, आणि भिंत त्याच्यासह लक्ष्यरेषेपलीकडे कोसळली. सगळे मैदान उभे राहिले. १९११च्या तुकडीतील एका वृद्धाने आपली काठी हवेत फेकली. मग लोकांना पंचाने दंडाची खूण म्हणून गवतावर टाकलेला रुमाल दिसला.

नियमबाह्य पुनःप्रवेश. गुण रद्द, पंधरा यार्ड मागे. आणखी चाळीस सेकंद गेली असती, तर शेवटच्या चार मिनिटांच्या सवलतीत हुडाक विनाहरकत आत गेला असता. अठरा यार्डांवरून डॉयलने फेकलेला चेंडू कोणाच्याही हाती न लागता चिखलात पडला. उरलेली मिनिटे केंड्रिकने चेंडू पोटाशी धरून काढली. सात-सहा.

रायनेके यांनी माझ्या हातातील वही घेतली, तो पांढरा रकाना पाहिला, वही मिटली आणि स्वतःच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. वार्ताहर आला. त्याने विचारले, असे कसे झाले.

"माझी चूक," रायनेके म्हणाले. "मोजण्यात गल्लत झाली माझी."

मी चार फुटांवर उभा होतो. सत्तावीस वर्षे मी इतरांची वाक्यरचना सुधारीत आलो. मला एक वाक्य रचता आले नाही.

रविवार, १५ नोव्हेंबर

कोराला सांगितले. तिने हातातील गाजर चिरून संपविले. मग म्हणाली, "म्हणजे आता सगळं तुझ्या मनासारखंच झालं."

ती उपहासाने बोलत नव्हती. तेच अधिक वाईट.

बुधवार, १८ नोव्हेंबर

वर्ग सुटल्यावर हुडाक थांबला. नाक अद्याप निळे.

"सर, चूक माझी आहे. मी ठामपणे सांगायला पाहिजे होतं, की मी बाहेर आलो होतो."

"तुम्ही सांगत होता. तुम्हास गप्प बसविण्यात आले."

"पण मला माहीत होतं, तुम्ही लिहिलं नाही ते. तुम्ही बाकावर चढलात तेव्हा मी बघत होतो. तुम्ही टोपी काढून फिरवत होता. मला इतकं हसू आलं, की रक्त थांबेना." त्याने नाक चाचपले. "वाटलं, मागाहून लिहाल. तुम्ही नेहमी लिहिता."

म्हणजे या एका चुकीचे आता दोन दावेदार झाले, आणि खरा मालक तेवढा मौन धरून आहे.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. टर्की, कोराची बहीण, भोपळा भरलेली गोड पेस्ट्री. सप्टेंबरात लिहिलेला निष्कर्ष पुन्हा वाचला. भाषा निर्दोष आहे. चार विजय, चार पराभव. अट पूर्ण झाली नाही. आता माझ्या एका स्वाक्षरीने सर्व काही माझ्या ठरावाप्रमाणे होईल आणि विश्वस्तांस काही कळणार नाही. इतकी परिपूर्ण संधी मला आयुष्यात मिळालेली नाही. दिवसभर मी तिच्याकडे पाहत राहिलो आणि मला भूक लागली नाही, ही गोष्ट कोराच्या बहिणीने तीनदा बोलून दाखविली.

शुक्रवार, ४ डिसेंबर

विश्वस्तांची सभा. लांब मेज, नऊ गृहस्थ, अध्यक्ष पेल्हम टोकाशी. रायनेके भिंतीलगतच्या खुर्चीत, लग्नाच्या वेळचा असावा अशा कोटात.

मी अहवाल काढला आणि मेजावर पालथा ठेवला.

"वाचण्यापूर्वी एक वस्तुस्थिती सांगतो," मी म्हणालो. "संघाने पाच सामने जिंकावे अशी अट होती. पाचवा विजय संघाने मिळविला होता. तो माझ्या पेन्सिलीने घालविला. प्रशिक्षकांनी वर्तमानपत्रास जे सांगितले ते असत्य आहे. मी विचारणा झाली असता 'मोकळा' म्हणालो, आणि तो मोकळा नव्हता."

रायनेके उठू लागले. "हे बघा, संघाची जबाबदारी प्रशिक्षकाची असते..."

"गस, खाली बसा," पेल्हम म्हणाले.

डबाबंद फळांच्या कारखान्याचे मालक श्री. ग्रोव्ह यांनी चष्मा पुसला. "मला समजून घ्यायचंय. नोंद करणं एवढंच तुमचं काम होतं?"

"होय."

"आणि तुम्ही ती केली नाही. का?"

"मी पाहत होतो."

"काय पाहत होतात?"

"एक्केचाळीस यार्ड."

 मग श्री. ग्रोव्ह म्हणाले, "त्या झेलाच्या वेळी माझी नवी हॅट बायकोने पायाखाली तुडवली. ती बँडवाल्यांच्या अंगावर उड्या मारत होती." आणि टाचणी पडावी तशा आवाजात एक जण हसला, मग सर्वच.

मी सांगितले, की जो ठराव मी मांडला, तो मांडताना मी एकही सामना पाहिलेला नव्हता. हा पुराव्याच्या शास्त्रातील मूलभूत अपराध असून तो माझ्या विद्यार्थ्याने केला असता, तर मी त्यास नापास केले असते. सबब ठराव मागे घेतो. निष्कर्षाचे पान मी सर्वांसमक्ष दुमडून खिशात ठेवले. फाडणार होतो, परंतु कागद जाड होता.

निर्णय: फुटबॉल आणखी तीन वर्षे. रायनेके यांचा करार तितकाच. क्रीडासमितीच्या कायम अध्यक्षपदी प्राध्यापक व्हिटकोम्ब. हा शेवटचा भाग पेल्हम यांनी अगोदरच टंकलिखित केलेल्या कागदावरून वाचला. तो कागद कधी तयार झाला असावा, याचा उलगडा मला होत नाही.

बाहेर पायऱ्यांवर रायनेके उभे होते. हॅट हातात.

"पुढच्या वर्षी वही दुसऱ्या कोणाला तरी देतोय, थॅड."

"योग्यच आहे."

"तू नुसता बस बाकावर." ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. "म्हणजे बस, नाही तर उभा राहा. तुला जमेल तसं."

मी त्यांना म्हणालो, की निरीक्षकाची निःपक्षपाती भूमिका मी अर्थातच कायम ठेवीन. ते म्हणाले, "हो, हो," आणि घरी अर्माला सांगावयास निघून गेले. चालण्याचा वेग धावण्याच्या जवळपास होता.

बुधवार, ९ डिसेंबर

क्रीडासमितीच्या अध्यक्षास व्यायामशाळेच्या तळघरात स्वतंत्र खोली असते, असे मला कळविण्यात आले. पद कायम असल्याने खोलीही कायम. मी आज सकाळी तिचा समारंभपूर्वक ताबा घ्यावयास गेलो. दार आतल्या बाजूस उघडते, परंतु आतून गेलेल्या वाफेच्या नळामुळे ते अकरा इंचांहून अधिक उघडत नाही. मी ते मोजले. न्याहारीनंतर, आडवे वळून, श्वास सोडून प्रवेश साधतो; दुपारच्या जेवणानंतर साधत नाही. ओव्हरकोट अंगावर ठेवून तर मुळीच नाही. तो आधी आत लोटावा लागतो. इमारतींचे व्यवस्थापक श्री. फोगल म्हणतात, नळ हलवायचा की दार कापायचे हे इमारत-समिती ठरवील, आणि इमारत-समिती मार्चमध्ये बसते. मी विचारले, तोवर काय करावे. ते म्हणाले, "रुळायला वेळ लागतो, प्रोफेसर. आधीचे अध्यक्ष बारीक होते." आता दुपारचे अडीच झाले आहेत, मी जेवलो आहे, बाहेर बर्फ पडू लागला आहे आणि माझा ओव्हरकोट आत आहे.